दुर्गाबाईंच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

अमरावतीच्या बुधवाऱ्यात उद्धव गुरुजींना विचारल्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. लग्न-मुंज तर झालीच, पण बोअर कधी मारायची, नवी मोटारसायकल शोरूममधून कोणत्या दिवशी बाहेर काढायची, पोरीला परीक्षेसाठी घरातून किती वाजता निघू द्यायचं, सगळं त्यांच्या ओट्यावर येऊन ठरायचं. एका गड्याने तर दाढ कधी उपटून घेऊ म्हणून विचारलं होतं. गुरुजींनी चष्मा पुसला, पंचांग उघडलं आणि त्यालाही वेळ काढून दिली. हसण्यासारखंच आहे, पण गुरुजी लबाड नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. जे लोकांना सांगायचे तेच स्वतःच्या घरात पाळायचे, आणि लोकांपेक्षा दुप्पट पाळायचे. सगळा घोळ तिथेच झाला.

त्यांना एकुलता एक पोरगा, यशोधन. लहान असताना बाप त्याला गच्चीवर नेऊन नक्षत्रं दाखवायचा आणि हा मधूनच जाणाऱ्या विमानाच्या लुकलुकत्या दिव्यामागे मान फिरवत बसायचा. रोहिणी काय आणि मृग काय, त्याला सगळं सारखंच. भिक्षुकी तो करणार नाही हे गुरुजींनी फार लवकर ओळखलं आणि मनाला लावूनही घेतलं नाही. शैलाबाईंचं माहेर वकिलांचं, त्या म्हणाल्या, जे डोक्यात आहे ते शिकू द्या. बाहेरगावी राहून पोरगा विमान चालवायला शिकला, लायसन्स घेऊन आला, गल्लीत पेढे वाटले गेले.

आणि मग पायलटसाहेब घरी बसले. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, उड्डाणाचे तास पुरेसे नाहीत, अनुभव आणा. अनुभव देणार कोण, तर त्याच मोठ्या कंपन्या. असं चांगलं दीड-दोन वर्षं चाललं. ओट्यावर मुहूर्त विचारायला येणारा माणूस जाता जाता हमखास विचारायचा, काहून महाराज, पोरगं इमान चालवते म्हंता, आमाले कधी बसवता मंग? गुरुजी हसून वेळ मारून न्यायचे, पण त्या दिवशी दोन घास कमी जेवायचे.

शेवटी यशोधनला एका लहानशा कंपनीने घेतलं. एका इंजिनाचं छोटं विमान, आत प्रवाशाची एकही खुर्ची नाही, नुसता माल. सकाळी बेलोऱ्याच्या विमानतळावरून निघायचं, अकोल्याला शिवणीच्या आखूड धावपट्टीवर उतरायचं, तिथून नागपूर, आणि संध्याकाळी पुन्हा बेलोरा. औषधं, लसींचे डबे, मशीनचे सुटे भाग, बियाण्यांची पाकिटं, जे येईल ते न्यायचं. एकदा तर कोंबडीची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं होती, खोक्यांवर खोकी. अकोल्यापर्यंत पाठीमागे नुसता चिवचिवाट, इंजिनाचाही आवाज ऐकू येईना, असं सांगताना पोरगा हसून हसून लाल व्हायचा. गल्लीने लगेच त्याचं नाव टेम्पोवाला ठेवलं. आपल्याकडे नाव ठेवायला वेळ लागत नाही, आणि ते पुसायला अख्खा जन्म पुरत नाही.

यशोधनला त्याचं काही वाटायचं नाही. उलट त्याला ते बारकं विमान भारी आवडायचं. बाबा, मोठ्या विमानात निम्मं काम यंत्रच करतं, इथं सगळं हाताला कळतं, म्हणायचा. शिवणीला उन्हाळ्यात दुपारी उतरताना जमिनीवरून उठणारी गरम हवा विमानाला कशी खालून ढकलते, पावसाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यावर ढग असले की वाट कशी वाकडी करावी लागते, हे तो आईला पोळ्या लाटता लाटता ऐकवायचा. आणि माल भरायचा तोही स्वतःच. जड खोकी पुढे, हलकी मागे, वरून जाळी, जाळीवरून पट्टे, आणि पट्टे खटका मारून मारून कचकून आवळायचे. माल जरासा मागे सरकला तर विमान नाक वर करतं आणि मग पायलटचं काही चालत नाही. घरातही त्याला ती सवय लागली. गुरुजींच्या स्कूटरवर पूजेचं सामान तोच लावून द्यायचा, नारळांची पिशवी पुढे, दर्भ आणि फुलं मागे, आणि वरून दोरी अशी ताणायचा की यजमानाच्या घरी ती सोडवताना गुरुजींच्या नाकी नऊ यायचे.

एकदा नवरा-बायको बेलोऱ्याला गेले आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्याला बघितलं. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, खांद्यावर सोनेरी पट्टी आणि त्याच खांद्यावर खोकं. शैलाबाईंनी डोळे भरून पाहिलं. गुरुजींच्या तोंडून मात्र निघून गेलं, अगं, हा तर हमाली करतोय. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. पोरगा मोठ्या विमानात बसला पाहिजे, आणि ज्या दिवशी तो त्यासाठी घरातून निघेल त्या दिवशी कशात काही खोट राहता कामा नये. लोकांच्या पोरांना आयुष्यभर मुहूर्त दिले, आपल्या पोराला सगळ्यांत चांगला देऊ.

तो दिवस आला. तास भरले, परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि एका मोठ्या कंपनीने यशोधनला घेतलं. शुक्रवारी सकाळपर्यंत हैदराबादला हजर व्हायचं होतं, तिथून पुढे मोठ्या विमानाचं शिक्षण. पोराच्या मनात आधीच्या रविवारीच निघायचं होतं. मित्राकडे उतरतो, चार दिवस शहर बघतो, म्हणाला. जुन्या कंपनीतलं काम त्याने सोडल्यातच जमा होतं. बॅग भरून दाराशी उभी केलेली, वरचा पट्टाही आवळलेला.

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि नाही म्हणाले. रविवारी अमावास्या. सोमवारी, मंगळवारी काही ना काही आडवं. बुधवारची पहाट अशी की वर्षातून एखादीच येते. पण बुधवारचं तिकीट मिळेना, मिळालं ते गुरुवार संध्याकाळचं, आणि गुरुवारी दक्षिणेला निघायचं नसतं, दिशाशूल. यशोधनने कपाळाला हात लावला. शैलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, अहो, जाऊ द्या ना त्याला रविवारी. गुरुजींनी ऐकलं नाही. त्यांनी तोड काढली, आपण प्रस्थान ठेवू.

प्रस्थान म्हणजे काय, हे आता पुष्कळांना ठाऊक नसतं. मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी असं झालं, की मुहूर्तावर माणसाऐवजी त्याचं काहीतरी घराबाहेर काढायचं. त्याचं एखादं वस्त्र, त्यात हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ, अशी पुरचुंडी बांधायची आणि शेजारच्या घरी ठेवून यायची. माणूस त्याच वेळेला निघाला असं धरतात. मग खरंच निघेल तेव्हा शेजाऱ्याकडून ती उचलायची आणि परस्पर पुढे जायचं. मात्र एकदा बाहेर पडलेली पुरचुंडी पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही.

शेजार होता दुर्गाबाईंचा. त्या मूळच्या हिवरखेडच्या, गावी भरपूर शेती, नातवंडांच्या कॉलेजसाठी इथे घर घेऊन राहिलेल्या. बोलणं आडदांड, मन लोण्याचं. बुधवारी पहाटे यशोधन आंघोळ करून हातात पुरचुंडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. वस्त्र म्हणून शैलाबाईंनी त्याचा नवा कोरा पांढरा शर्ट दिला होता, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या लावलेला, हैदराबादला पहिल्या दिवशी घालायचा म्हणून इस्त्री केलेला. दुर्गाबाईंनी ती पुरचुंडी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आणि यशोधनच्या हातावर साखर दिली. गुरुजी फाटकापाशी उभे राहून बघत होते. आयुष्यात त्यांना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

त्याच सकाळी जुन्या कंपनीचा फोन आला. एक पायलट तापाने पडला होता आणि लसींचे डबे अकोल्याला पोचवायचे होते, उन्हाळ्याचे दिवस, थांबून चालणार नव्हतं. एवढी एक फेरी मार, संध्याकाळी घरी. यशोधन घरात बसून कंटाळलाच होता. शैलाबाई म्हणाल्या, आता कशाला, उद्या जायचंय. तेव्हा त्याने बापाला विचारलं, बाबा, याने प्रस्थान मोडतं का?

गुरुजींनी विचार केला. खरंच केला, बरं का, उगाच तोंडाला येईल ते सांगितलं नाही. मग म्हणाले, "प्रस्थान दक्षिणेचं, अकोला पश्चिमेला. रात्री घरी झोपायला येतोस ना? मग मोडत नाही. जा."

विमान सुखरूप गेलं आणि सुखरूप उतरलं. झालं ते खाली झालं, शिवणीला, माल उतरवताना. यशोधन आत वाकून जाळीचा पट्टा सोडवत होता. खटका अडकला होता, त्याने जोर लावला, आणि ताणलेल्या पट्ट्याचा लोखंडी आकडा सुटून उसळला तो सरळ डाव्या डोळ्यात. अकोल्याच्या डॉक्टरांनी बघून नागपूरला न्यायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी गुरुजींना खुर्चीवर बसवलं, आणि खुर्चीवर बसवलं तेव्हाच गुरुजींना कळलं. डोळा गेला. गुरुवारी संध्याकाळी हैदराबादची गाडी वेळेवर सुटली आणि यशोधनची जागा रिकामी गेली.

एका डोळ्याच्या माणसाला प्रवासी विमान कोण देतो? तपासण्या झाल्या, अर्ज झाले, पुन्हा तपासण्या झाल्या. मोठ्या कंपनीने फार सभ्य भाषेत दार लावून घेतलं. मालाचं विमानही गेलं. ज्या टेम्पोवरून गल्ली हसायची तो टेम्पोसुद्धा आता त्याच्या हाती येणार नव्हता.

पोरगा रडला नाही, ओरडला नाही, बापाला एक शब्द बोलला नाही. तो रविवारी निघाला असता तर बुधवारी हैदराबादेत फिरत असता, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. तिघांपैकी कोणी ते उच्चारलं नाही. भेटायला येणारे मात्र गुरुजींचा हात धरून सांगायचे, महाराज, प्रस्थान ठेवलेलं होतं म्हणून डोळ्यावर निभावलं, नाही तर जीवच गेला असता. चांगल्या मनानेच सांगायचे. गुरुजींना तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. आयुष्यभर याच शब्दांनी त्यांनी दुसऱ्यांची समजूत घातली होती.

मुहूर्त काढणं त्यांनी बंद केलं. पूजा सांगायचे, श्राद्धं करायचे, पण पंचांग उघडायचे नाहीत. एकदा धामणगावहून एक कुटुंब पोरीच्या लग्नाची तारीख काढायला आलं. ते लोक काही हलेनात, तेव्हा गुरुजी कसंबसं म्हणाले, आता अक्षर दिसत नाही हो, डोळे काम देत नाहीत. आतल्या खोलीतून यशोधनचा आवाज आला, अगदी साधा, नेहमीसारखा, "बाबा, मी वाचून दाखवू का? माझा एक चांगला आहे."

गुरुजी उठले ते चपला न घालता रस्त्यावर आले आणि अंबादेवीच्या देवळापर्यंत तसेच चालत गेले. देवळात गेले नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसून धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडले. फुलवाली ओळखीची, तिने पाणी आणून दिलं.

आणखी एक खोड त्यांना लागली. यशोधन जेवायला बसला, टीव्ही बघायला बसला, की ते येऊन त्याच्या डाव्या हाताला बसायचे. त्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं. तिथून ते त्याच्याकडे पोटभर बघायचे. हात पाण्याच्या भांड्याशी चुकतोय का, कपाळावर आठी आहे का, आज केस नीट विंचरलेत का. पोराच्या नजरेला नजर देण्याची ताकद नव्हती, आणि बघितल्याशिवाय जीव राहत नव्हता. शैलाबाईंना हे दिसायचं. त्या आमटी वाढून आत जायच्या.

आणि शेजारी, दुर्गाबाईंच्या फळीवर ती पुरचुंडी तशीच होती. प्रस्थानाला मुदत असते, चार-पाच दिवसांच्या पुढे ते चालत नाही, हे गुरुजी शेकडो लोकांना सांगत आले होते. पण ज्याचं प्रस्थान ठेवलंय तो निघालाच नाही, तर त्या पुरचुंडीचं काय करायचं, हे कोणत्याच पोथीत नव्हतं. घरात आणायची नाही, टाकून द्यायची नाही. दुर्गाबाई रोज देवाला दिवा लावायच्या तेव्हा त्यांचा हात फळीला लागायचा. त्यांनी कधी विषय काढला नाही, यांनी कधी मागितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात यशोधनने अकोल्याला नोकरी धरली. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रकमध्ये माल नीट भरला जातो की नाही हे बघायचं. पुन्हा खोकी, पुन्हा पट्टे, फक्त जमिनीवर. शुक्रवारी सकाळच्या एसटीने जातो, खोली बघितलीय, म्हणाला. शैलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, हे गुरुजींना पंचांग न उघडता कळलं. इतक्या वर्षांची जिभेची सवय, शब्द दातांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

शुक्रवारी बॅग खांद्याला लावून यशोधन दुर्गाबाईंच्या पाया पडायला गेला. गुरुजी मागोमाग गेले आणि दुर्गाबाईंच्या फाटकात, सवयीने पोराच्या डाव्या बाजूला, उभे राहिले. दुर्गाबाई आत गेल्या आणि येताना पुरचुंडी घेऊन आल्या.

"बाप्पू, हे तुह्यं हाय. वर्ष झालं, मी राखून ठेवलं. आता तू जाऊन राह्यला, त घेऊन जाय."

यशोधनने ती हातात घेतली. गाठ सोडली. हळकुंड आणि सुपारी जशीच्या तशी, तांदळाला टोके लागलेले, शर्ट घडीवर पिवळा पडलेला. सोनेरी पट्ट्या मात्र चमकत होत्या. त्याने त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पुन्हा नीट गाठ मारली.

"काकू, हे ज्याचं होतं तो निघालाच नाही," तो म्हणाला. "मी दुसराच जातोय. मी हे नाही नेऊ शकत."

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. यशोधन वळला. बाप कुठे उभा असेल हे त्याला न बघता माहीत होतं. त्याने पूर्ण मान फिरवली, उजवा डोळा बापावर येईपर्यंत.

"बाबा, वर्षभर तुम्ही याच बाजूला बसलात. मला दिसत नाही तुम्ही इकडून. समोर या."

गुरुजी समोर आले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी पोराच्या चेहऱ्याकडे समोरून पाहिलं. किती दिवस, किती रात्री जे मनात घोकलं होतं त्यातलं सगळं विसरलं आणि एवढंच आलं.

"मी चुकलो रे यशा."

गल्लीतल्या प्रत्येकाने आतापर्यंत गुरुजींना हेच सांगितलं होतं, तुमचं काही चुकलं नाही, नशिबात होतं. पोरगाही तसंच म्हणेल असं त्यांना वाटलं. म्हणू नये असंही वाटलं.

"हो, बाबा," यशोधन म्हणाला. "चुकलात."

आवाजात राग नव्हता. मग त्याने खाली वाकून बापाच्या पायाला हात लावला, आणि पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. कोपऱ्यावर शैलाबाई डबा घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडून डबा घेतला, बॅगेत तळाशी नीट बसवला, वरचा पट्टा ओढला आणि स्टँडच्या दिशेने निघाला. वळताना उजवीकडून मागे बघितलं की नाही, ते गुरुजींना दिसलं नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी झालं होतं.

ते रस्त्यात उभे राहिले, दोन्ही हातांत पुरचुंडी. इकडे दुर्गाबाईंचं फाटक, तिकडे आपलं. आपल्या उंबऱ्यात ती नेता येत नव्हती, आणि परत कोणाकडे ठेवा म्हणायला तोंड नव्हतं. दूध घालणारा सायकलवरून गेला, त्याने घंटी वाजवली, तरी त्यांनी पाय उचलला नाही. ऊन चढायला लागलं होतं.

शेवटी दुर्गाबाईच फाटक उघडून बाहेर आल्या.

"आणा महाराज, द्या इकडे," त्या म्हणाल्या. "राहू द्या माह्याच घरी."

गुरुजींनी पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. त्या आत गेल्या. फळी उंच होती, त्यांना पाटावर चढावं लागलं. त्यांनी ती होती तिथे ठेवली, गाठीतून फळीवर चार तांदूळ सांडले ते हाताने गोळा केले, आणि सकाळचा दिवा राहिला होता तो लावला.